घोडा का अडला?

'भाकरी का करपली? घोडा का अडला? पाने का सडली?' हे कोडे लहानपणी आपण सर्वांनीच सोडवलेले आहे. तिन्ही प्रश्नांना मिळून एकच उत्तर : न फिरवल्यामुळे! सांगणारा ते मोठ्या ऐटीत सांगतो आणि ऐकणारा मान डोलावतो. मीही कित्येकदा डोलावली आहे. परंतु गेल्या दिवाळीपासून ह्या कोड्यातला मधला प्रश्न माझी पाठ सोडीत नाही. भाकरीचे आणि पानांचे उत्तर खरे असेल. पण घोडा अडण्याचे कारण इतके स्वस्त नसते, हे मला आमच्या घरच्या घोडीने शिकवले.

वाचकहो, मी माथेरानची. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. वडील घोडेवाले, आजोबाही घोडेवाले. आमच्या गावात मोटारगाड्यांना बंदी आहे. गाड्या दस्तुरी नाक्यापर्यंत येतात; तेथून पुढे माणसाने पायी जावे, १९०७ साली सुरू झालेल्या छोट्या रेल्वेने जावे, नाही तर घोड्यावर बसावे. डिसेंबर २०२२ पासून विजेवर चालणाऱ्या रिक्षाही आल्या. म्हाताऱ्याकोताऱ्यांची आणि शाळेच्या मुलांची त्यांनी सोय झाली, हे मी नाकारीत नाही. पण घोडेवाल्याच्या घरी त्या दिवसापासून प्रत्येक फेरी मोजली जाऊ लागली, हेही तितकेच खरे.

आमची घोडी राणी. रंगाने तांबडी, वयाने नऊ वर्षांची, स्वभावाने इतकी गरीब की लहान मुलांसाठी गिऱ्हाइके तिलाच मागून घेत. हीच राणी गेल्या दिवाळीच्या हंगामात अडू लागली. स्वार बसला की कान मागे पाडी, शेपटी झटके, मान वर काढी आणि दोन पावले मागे सरके. उतारावर तर जागच्या जागी उभी राही. एका पाहुण्यांना तिने दुगाणी दाखवली. लागली नाही, पण ते गृहस्थ पैसे परत घेऊन गेले आणि जाताना चार लोकांना सांगून गेले.

मग सल्ले सुरू झाले. कुणी म्हणाले, हिला आराम जास्त झाला, फिरवा. (कोड्याचे उत्तर!) कुणी म्हणाले, दाणा अंगावर आला आहे, तोबरा कमी करा. कुणी म्हणाले, घोडी लबाड झाली, दोन द्या म्हणजे सरळ होईल. बाबांनी तिन्ही उपाय केले. आठवड्याने वरातीसाठी घोड्या पुरवणारा एक व्यापारी येऊन राणीला पाहून गेला आणि इसार देऊन गेला. आमच्या घरात त्या रात्री कुणी नीट जेवले नाही.

येथे मला एका जुन्या गोष्टीची आठवण झाली. मॅसिडोनियाच्या फिलिप राजापुढे एक उमदा घोडा विकावयास आणला होता. किंमत तेरा टॅलंट. परंतु तो कोणालाच पाठीवर बसू देईना. राजाने वैतागून घोडा परत न्यावयास सांगितले. तेवढ्यात त्याच्या लहान मुलाने एक गोष्ट हेरली : घोडा माणसाला भीत नव्हता, तो समोर हलणाऱ्या स्वतःच्या सावलीला भीत होता. मुलाने लगाम धरून त्याचे तोंड सूर्याकडे वळवले, सावली मागे गेली, आणि घोडा शांत झाला. तो मुलगा पुढे जगजेता अलेक्झांडर झाला आणि तो घोडा म्हणजे ब्युसेफालस. प्लूटार्कने लिहून ठेवलेली ही कथा बहुतेक जण अलेक्झांडरच्या धाडसाची म्हणून सांगतात. मला मात्र ती धाडसाची वाटत नाही. तेथे जमलेली सगळी मोठी माणसे घोड्याकडे पाहत होती. तो मुलगा घोडा कोठे पाहतो आहे हे पाहत होता. फरक एवढाच! हाच घोडा पुढे त्याला थेट झेलमपर्यंत घेऊन आला आणि इ. स. पूर्व ३२६ मध्ये तिकडेच मेला. त्याच्या नावाने अलेक्झांडरने झेलमच्या काठी एक शहर वसवले.

म्हणून मीही ठरवले की राणीला दोष देण्यापूर्वी राणीकडून काही विचारून घ्यावे. घोड्याला बोलता येत नाही. पण तो कधी अडतो आणि कधी अडत नाही, हेच त्याचे बोलणे. रोज संध्याकाळी तिला खरारा करण्याचे काम माझ्याकडेच असे. मी चार दिवस नुसते पाहत राहिले. लगाम धरून मोकळी नेली तर राणी खुशाल चाले. म्हणजे पाय ठीक होते. नालबंदाने नाल काढून पाहिले होते. खिळा आतल्या जिवंत भागाला लागला की घोडा लंगडतो, पण तसे काही नव्हते. चारा ती नेहमीसारखा खात होती, घास तोंडातून गळत नव्हता. घोड्याच्या दाढा झिजतात तशा वर येत राहतात आणि त्यांच्या कडा धारदार होऊन गालाला व जिभेला टोचतात. मग तो लगामाला विरोध करतो. तीही शंका फिटली. खोगीर चढवून तंग आवळला तरी ती गप्प उभी राही. खोगिरासह चालेसुद्धा. फक्त माणूस बसला की अडे!

दुसरी गोष्ट पाचव्या दिवशी दिसली. फेरी करून आली तेव्हा तिची पाठ घामाने निथळत होती. पण खोगीर काढल्यावर खांद्यामागच्या उंचवट्याच्या डाव्या बाजूला तळहाताएवढा एक डाग कोरडा ठणठणीत होता. सगळी पाठ ओली आणि तेवढीच जागा कोरडी का? आजोबांना विचारले. ते आता अंथरुणावरून फारसे उठत नाहीत. ते एवढेच म्हणाले, ''पोरी, जिथं लई दाबतं तिथं घाम फुटत नाही. पुढं तिथं पांढरे केस येतात.''

मी खोगीर उलटे करून चाचपले. काही लागेना. गादी मऊ, शिवण शाबूत. बाबांनीही हात फिरवून पाहिला होता. मग मनात आले, राणी जर वजन पडल्यावरच अडते, तर खोगिराचा दोषही वजन पडल्यावरच दिसत असेल. कोंड्याची दोन भरलेली पोती एकावर एक ठेवली, त्यांवर खोगीर चढवले, धाकट्या भावाला वर बसवले आणि माझा हात खोगीर व पोते यांच्यामध्ये सरकवला. मी ओरडलेच! आतल्या लाकडी सांगाड्याची डावी फळी तडकलेली होती. रिकामे असताना फट मिटून जाई. माणूस बसला की ती उघडे आणि लाकडाची धार गादीतून खाली रुते. भाऊ तर उणापुरा पस्तीस किलोचा. सत्तर-ऐंशी किलोचा माणूस उतारावर पुढे झुकला म्हणजे राणीचे काय होत असेल!

फळी कशी तडकली, तेही मग उलगडले. पावसाळ्यात राणी रस्त्यावरच्या ओल्या पेव्हर ब्लॉकवर घसरून कुशीवर पडली होती. तेव्हा सगळ्यांनी तिचे गुडघे तपासले. तिच्या अंगाखाली सापडलेल्या खोगिराकडे कोणीच पाहिले नाही.

बाबांना हाक मारली. त्यांनी स्वतः हात घालून पाहिला. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग गोठ्यात गेले आणि राणीच्या मानेवर हात ठेवून उभे राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी व्यापाऱ्याचा इसार परत केला.

राणी लगेच बरी झाली, असे लिहिले तर ते खोटे होईल. तीन आठवडे तिच्या पाठीवर काही ठेवले नाही. हंगाम हातचा गेला. दुसरे खोगीर आणल्यावरही माणूस बसताच ती अंग आखडून घेई, कारण दुखणे जाते पण दुखण्याची भीती मागे उरते. महिना-दीड महिना धाकट्या भावाला बसवून, थोडे थोडे चालवून ती भीती घालवावी लागली. आज ती पुन्हा दस्तुरी नाक्यावर उभी असते.

माझे म्हणणे असे की, 'अडेलतट्टू' हा शब्द आपण फार घाईने वापरतो. घोडा हा शिकार होणाऱ्या जातीचा प्राणी. कळपात जो दुखणे दाखवतो त्यालाच वाघ-लांडगा हेरतो; म्हणून दुखणे लपवणे हे त्याच्या रक्तातच आहे. ज्या दिवशी तो अडतो, त्या दिवसापूर्वी त्याने बरेच सोसलेले असते. इंग्लंडमधील घोड्यांच्या डॉक्टर स्यू डायसन यांनी २०१८ साली आपल्या सहकाऱ्यांसह स्वार पाठीवर असतानाच्या घोड्याच्या चोवीस लक्षणांची एक यादी प्रसिद्ध केली. कान मागे पाडून ठेवणे, शेपटी झटकत राहणे, पुढे जाण्यास नाखुशी दाखवणे ही त्यांतलीच. आठ किंवा त्याहून अधिक लक्षणे दिसली तर बहुधा कोठेतरी हाडा-स्नायूंचे दुखणे आहे, असे समजावे, असा त्यांचा निष्कर्ष. म्हणजे ज्याला आपण खोडी म्हणतो, ती पुष्कळदा तक्रार असते!

ह्यावर बाबांचे एक म्हणणे आहे आणि ते मी टाळणार नाही. ते म्हणतात, ''काही घोडी खरोखर लबाड असतात. एकदा अडून सुटका झाली की पुन्हा अडायला शिकतात.'' हे सर्वस्वी चूक नाही. नीट न शिकवलेला घोडाही अडतो, हे मी जाणते. माझा आग्रह फक्त क्रमाचा आहे. आधी दुखणे शोधावे : पाय, दात, पोट, डोळे, पाठ आणि खोगीर. त्यांत काही सापडले नाही, तर मग सवयीचा विचार करावा. उलट्या क्रमाने गेल्यास मुक्या जिवाला एकाच दुखण्याची दोनदा शिक्षा होते.

आणि घोड्याला दोन देणाऱ्या माणसाला क्रूर म्हणून मोकळे होणेही मला पटत नाही. माझे बाबा क्रूर नाहीत. त्यांचा हात रागाने उठत नव्हता, भीतीने उठत होता. हप्ता भरावयाचा होता, फेऱ्या कमी झाल्या होत्या, आणि एकुलती एक घोडी अडली होती. त्यांच्याही पाठीवर एक फळी रुतत होतीच. ती कोणी चाचपून पाहिली?

तसेच आमचेही. अकरावीत असताना एका सरांनी मला इंग्रजीचा उतारा वाचावयास उभे केले. मी वाचला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. ''अडेल आहे,'' असे ते वर्गासमोर म्हणाले. वाचता येत नव्हते असे नव्हे. घरात इंग्रजीचा एक शब्दही मोठ्याने उच्चारलेला मी कधी ऐकला नव्हता; माझाच आवाज मला परका वाटत होता. एकांतात विचारले असते तर मी सांगितले असते. माझ्या बरोबरीची काही मुले त्याच सुमारास शिक्षण सोडून गेली. 'अभ्यासाची आवड नव्हती' असे त्यांच्याबद्दल म्हटले जाते. असेलही. पण कोणी पोत्यावर खोगीर ठेवून हात घालून पाहिला होता का?

नुसते लिहून थांबू नये म्हणून दोन सूचना करते. माथेरानात चारशेहून अधिक घोडी पोट भरण्यासाठी राबतात. आपल्या कॉलेजच्या राष्ट्रीय सेवा योजनेने हंगामाच्या तोंडावर पशुवैद्यांना घेऊन तेथे दोन दिवसांचे शिबिर भरवावे आणि त्यात घोड्याबरोबर त्याचे खोगीरही तपासावे. वजन ठेवून तपासावे. दुसरी सूचना सहलीला येणाऱ्या मित्र-मैत्रिणींना. घोड्याने कान मागे पाडले, मागे सरकला, तर हसू नका, 'पळव रे' म्हणून घोडेवाल्याला डिवचू नका. खाली उतरा आणि त्याला सांगा. फेरीचे पैसे मात्र द्या, म्हणजे त्यालाही थांबून पाहण्याची सवड मिळेल.

घोडा का अडला? कोड्यातला प्रश्न अगदी योग्य आहे. आपण फक्त उत्तर पाठ करून ठेवले, हे चुकले. यापुढे उत्तर देण्याआधी घोड्याच्या पाठीवरून एकदा हात फिरवून पाहू या.

— एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला