तोंडी भागीदारीचा हिशेब कोर्टात मागता यायलाच हवा

एकाचा पैसा आणि दुसऱ्याची मेहनत, एवढ्यावर आपल्याकडे कितीतरी धंदे उभे राहतात. केटरिंग घ्या, गॅरेज घ्या, नाहीतर बांधकामाचे छोटे कंत्राट. भाडेकरार एकाच्या नावावर, जीएसटी क्रमांक त्याचाच, चालू खाते त्याचे, काउंटरवरचा क्यूआर कोडही त्याच्याच मोबाइलला जोडलेला. दुसरा पहाटे मार्केट करतो, कामगार सांभाळतो, उधारी वसूल करतो आणि महिनाअखेर रोख उचल घेतो. बिनसले की पहिला म्हणतो, ‘तू पार्टनर कधी होतास? पगार तर घेत होतास.’

भागीदारीला लेखी करार लागतोच असे 1932 चा भागीदारी कायदा म्हणत नाही. मात्र नफ्यात वाटा मिळतो एवढ्यावरून कोणी भागीदार ठरत नाही, असे त्याचे कलम 6 सांगते. नफ्यातला हिस्सा नोकरालाही मिळू शकतो आणि कर्ज देणाऱ्यालाही. त्यामुळे दोघांमधला सगळा व्यवहार पाहूनच कोर्टाला ठरवावे लागते. वाटे ठरलेलेच नसतील, तर कायदा नफा-तोटा सारखा वाटतो, मग भांडवल कोणी किती घातलेले का असेना.

यावर कलम 69 ची अडचण. संस्थेची नोंदणी सक्तीची नाही. पण ती नसेल तर गिऱ्हाइकाकडे अडकलेल्या बिलासाठी संस्थेला दावा लावता येत नाही, भागीदारालाही चालू संस्थेकडून भागीदारीतले हक्क दाव्याने मागता येत नाहीत. दावा लावल्यावर नोंदणी केली तरी तो दावा वाचत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे. बाहेरचा माणूस मात्र अशा संस्थेवर दावा करू शकतो आणि संस्थेच्या देण्याला प्रत्येक भागीदार व्यक्तिशः जबाबदार असतो.

या कडकपणामागचे कारण खोटे नाही. उधारीवर माल देणाऱ्या व्यापाऱ्याला पाटीमागे कोण कोण आहे हे कळले पाहिजे. नोंदणीच्या अर्जावर सही करणाऱ्याला नंतर ‘मी त्यात नव्हतोच’ म्हणता येत नाही. तोंडी व्यवहारांच्या दाव्यांत साक्षीपुरावे वर्षानुवर्षे चालतात, हेही खरेच. बाहेरच्यांशी करार करून त्यावर कोर्टात जायचे असेल तर आधी नोंदणी करा, ही अट म्हणूनच मला रास्त वाटते.

पण महाराष्ट्राने 1984 मध्ये ही अट फार पुढे नेली. मूळ कायद्यात बिननोंदणीच्या भागीदाराला निदान संस्थेचे विसर्जन आणि विसर्जित संस्थेचा हिशेब मागता येत होता. राज्याच्या दुरुस्तीने कलम 69 मध्ये पोटकलम 2अ घालून तेही दार बंद केले. मृत भागीदाराच्या वारसांना हिशेब मागण्याची सूट होती, हयात भागीदाराला नव्हती! 2009 मध्ये व्ही. सुब्रमण्यम विरुद्ध राजेश रघुवंद्र राव या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे पोटकलम घटनाबाह्य ठरवले. समता, व्यवसायस्वातंत्र्य आणि मालमत्तेचा हक्क या तिन्हींच्या आड ते येत होते.

हा निकाल योग्यच होता. नोंदणी बाहेरच्यांच्या संरक्षणासाठी आहे. तिच्या अभावाचा फायदा घेऊन एका भागीदाराने दुसऱ्याचे भांडवल आणि कष्ट गिळावेत, हे कायद्याचे काम नव्हे. बेशिस्तीची शिक्षा दोघांना सारखी मिळाली असती तर वेगळी गोष्ट होती. इथे खाते ज्याच्या नावावर तो सुटतो आणि राबणारा बुडतो.

तरीही निकालाने दार उघडले, पुरावा नाही दिला. तो भागीदारानेच जपायचा असतो. सरकारने नोंदणी आणखी सोपी करावी आणि जीएसटीचा अर्ज भरतानाच भागीदार आहेत का, हे विचारावे. धंदा करणाऱ्यांनी तोवर वाट पाहू नये. कोणी किती घातले, वाटा किती, उचल किती आणि वेगळे व्हायचे ठरले तर हिशेब कसा करायचा, हे भागीदारीपत्रात लिहून सह्या करा. आपले पैसे रोख न देता खात्यातून द्या, मोबाइलवरचे संदेश पुसू नका. आणि भागीदारी मोडलीच, तर तारखेकडे लक्ष ठेवा. विसर्जनापासून तीन वर्षांत हिशेबाचा दावा लावला नाही, तर तो मुदतबाह्य होतो.