स्वेच्छेचे दान

तुमसर तालुक्यातील नाकाडोंगरीसारख्या गावात ‘तुमच्यावर औषधाची चाचणी करायची आहे’ असे कोणी म्हटले, तर लोक दार लावून घेतील. ही भीती अगदीच निराधार नाही. परंतु २०२० साली कोव्हॅक्सिनच्या चाचण्यांसाठी नागपुरातही स्वयंसेवक पुढे आले होते. तिसऱ्या टप्प्यात तर देशभरातून सुमारे २५,८०० जणांनी दंड पुढे केला. स्वदेशी लसीचा अभिमान आपण सर्वांनी मिरवला. या निनावी मंडळींचे स्मरण कोणी केले?

आपण दधीचींची कथा सांगतो, पण त्यांनी अस्थी स्वेच्छेने दिल्या, हे तिचे मर्म विसरतो. १८९७ मध्ये हाफकिन यांनी प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली, मग भायखळ्याच्या तुरुंगातील कैद्यांना दिली. कैद्याच्या होकाराला होकार म्हणावे काय?

पूर्व विदर्भात सिकलसेलचे दुखणे पिढ्यान्‌पिढ्यांचे आहे. त्यावरील संशोधनाला इथल्या कुटुंबांची साथ लागणारच. २०१९ च्या नियमांनुसार औषधचाचणीत निरक्षराची संमती तटस्थ साक्षीदारासमक्ष घ्यावी लागते आणि माघार केव्हाही घेता येते. असा साक्षीदार कार्यकर्त्याने व्हावे. मात्र त्याच्या शब्दाला गावात वजन असते, म्हणूनच त्याने आग्रह करू नये. कागद सावकाश वाचून दाखवावा आणि नकार देणाऱ्याच्या घरीही नेहमीसारखा चहा घ्यावा.