देवळाआधीची वाट

माझे आजोळ गंगाखेड आणि परळीच्या मधले. आषाढी जवळ आली, की शेगावहून निघालेली गजानन महाराजांची पालखी औंढा नागनाथ, परभणी, गंगाखेड करीत आमच्याच भागातून परळीकडे जाई. आजी पहाटेपासून भाकरी थापायला बसे आणि आम्हा पोरांकडे एकच काम असे, बारवेतून पाणी आणून रांजण भरायचे. वारकरी पाणी पिऊन 'माउली' म्हणत, तेव्हा आम्हाला फार मोठे झाल्यासारखे वाटे.

गेल्या वर्षी त्याच रस्त्याने गेलो, तेही मोटारीने. रस्ता रुंद झाला आहे, कडेची लिंबे-चिंचा गेल्या आहेत. बारव जागेवर आहे; पण पायऱ्यांवर वेड्या बाभळी माजल्या आहेत आणि तळाशी प्लास्टिकच्या बाटल्या साचल्या आहेत. पालखी आजही येते. तिच्यासाठी पाणी मात्र टँकरने येते.

या वाटेवर काय नाही? औंढ्याचे शिल्पसंपन्न देऊळ, जनाबाईंचे गंगाखेड, परळीत वैद्यनाथ आणि संत जगमित्र नागांची समाधी. पुढे सुमारे २५ किलोमीटरवर अंबाजोगाई. तेथे योगेश्वरी आहे, हत्तीखान्याची कोरीव लेणी आहेत. 'विवेकसिंधु'कार मुकुंदराज आणि दासोपंत यांच्या समाध्या आहेत. मराठी वाङ्मयाचा आरंभच जणू या दोन-तीन दिवसांच्या पायपिटीत भेटतो. पण ज्योतिर्लिंग परळीचे की झारखंडातील देवघरचे, हा वाद आपण चवीने घालतो आणि तिथवर नेणाऱ्या वाटेची चौकशीही करीत नाही.

वैद्यनाथाच्या मंदिराचा अठराव्या शतकात जीर्णोद्धार केला तो अहिल्यादेवी होळकरांनी. २०२५ मध्ये त्यांची जन्मत्रिशताब्दी आपण थाटात साजरी केली. त्या बाईंनी देवळांबरोबर घाट, विहिरी, बारवा आणि धर्मशाळाही बांधल्या. देवाच्या दारी पोहोचण्याआधी माणूस तहानेने बसला, तर कळसाचा उपयोग काय, हे त्यांना पुरते ठाऊक असावे. आपण मात्र तीर्थविकास म्हटले, की फरशी, कमान आणि वाहनतळ एवढेच पाहतो.

आता नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्गाची चर्चा आहे. या योजनेत औंढा, परळी, अंबाजोगाई ही स्थाने जोडण्याचा मानस आहे. ज्यांच्या जमिनी जायच्या आहेत, त्यांचे म्हणणे वेगळे आणि ते ऐकलेच पाहिजे. वेगवान रस्ता म्हाताऱ्या-आजाऱ्यांच्या सोयीचा, हेही खरे. माझेही गुडघे आता कुरकुरतात. पण मोटारीतून आलेला भाविक तासाभरात दर्शन घेऊन परत फिरतो. त्याचा पैसा देवळाच्या दारात राहतो. चालणाऱ्याला चहा, भाकरी, रात्रीचा आसरा लागतो. त्याचा पैसा गावोगाव झिरपतो.

स्पेनमधील सांतियागोची पदयात्रेची वाट १९९३ साली जागतिक वारसा यादीत गेली. मान मिळाला तो वाटेला आणि तिच्यावरच्या जुन्या पुलांना, धर्मशाळांना. २०२४ मध्ये पदयात्रा पुरी केल्याचे प्रमाणपत्र तेथे जवळपास पाच लाख यात्रेकरूंनी घेतले. आपल्याला यात्रा नव्याने शिकायची गरज नाही. वारी आपल्या रक्तात आहे, फक्त वाटेची डागडुजी राहून गेली आहे.

फार मोठे काही नको. गंगाखेड ते अंबाजोगाई या टप्प्यातील बारवा, पार आणि जुने मठ यांची आधी नोंद व्हावी. दुरुस्ती चुन्याने आणि जाणत्या गवंड्याच्या हाताने व्हावी, सिमेंट आणि तैलरंगाने नव्हे. मुक्कामाच्या गावी बायकांसाठी स्वच्छ न्हाणीघरे असावीत आणि यात्रेकरूंना जेवू घालण्याचे काम तिथल्या बचतगटांना मिळावे. रस्त्याकडेला पुन्हा लिंब, वड, चिंच लागावेत. परळीच्या औष्णिक केंद्राची राख वाहणाऱ्या गाड्या झाकलेल्या असाव्यात. ज्या वाटेवर श्वास घेववत नाही, तिथे नाम कसे घ्यावे? आणि तीर्थक्षेत्राच्या प्रत्येक निधीतला ठरावीक वाटा वाटेसाठी राखून ठेवावा.

येत्या श्रावणात परळीला जाणार असाल, तर शेवटचे चार-पाच किलोमीटर मुलाबाळांसह चालून पाहा. सावली कुठे संपते आणि पाणी कुठे नाही, हे पायांना लगेच कळते. मग पैसा कुठे खर्चायला हवा, हे सांगायला कोणत्या अहवालाची गरज उरणार नाही.