मोटारीवांचून मुंबई

गेल्या दिवाळीच्या सुटीआधीं एके दिवशीं शाळा सुटल्यावर नववीच्या वर्गांतील एक विद्यार्थी आपल्या वडिलांस घेऊन आमच्याकडे आला. वडील दर्यापूर तालुक्यांतील शेतकरी. खांद्यावर दुपट्टा, हातांत दवाखान्याच्या कागदांची पिशवी. मुलाच्या आईस परळच्या टाटा रुग्णालयांत दाखवावें असें येथील डॉक्टरांनीं सांगितलें होतें. घरांतील कोणीही आजवर भुसावळापलीकडे गेलेलें नव्हतें. गांवांतील एका शहाण्या गृहस्थानें येथूनच खाजगी मोटार ठरवून जावें असा सल्ला दिला होता, आणि मोटारवाल्यानें सांगितलेला आंकडा ऐकल्यापासून त्या बापाची झोंप उडाली होती. "सर, मुंबईले गाडीबिगर माणूस हरवते म्हन्तेत. खरं हाय काय?" एवढाच त्यांचा प्रश्न होता.

त्यांस जें सांगावयाचें तें आम्हीं त्याच दिवशीं सांगितलें. परंतु तो प्रश्न आमच्या मनांतून गेला नाहीं. ज्या शाळेंत आम्ही भूगोल शिकवितों, त्या शाळेंतील मुलास ॲमेझॉन नदीच्या उपनद्या सांगतां येतात आणि दादरला उतरून कोणत्या अंगास वळावें हें सांगतां येत नाहीं, यांत दोष मुलाचा खचित नाहीं. तो आम्हां शिक्षकांचा आहे. म्हणून वार्षिकांत या विषयावर चार शब्द लिहिण्याचें योजिलें.

हल्लीं मोटारीचा मोह वाढण्यास एक नवें कारण झालें आहे. नागपुराहून निघालेला ७०१ किलोमीटरांचा समृद्धि महामार्ग जून २०२५ मध्यें पुरा झाला. आपल्या जिल्ह्यांत तो धामणगांवाजवळून जातो. तेव्हांपासून जो तो म्हणतो, आतां मुंबई सात-आठ तासांवर आली. आमच्या मतें मुंबई आली नाहीं, आमणें आलें. भिवंडी तालुक्यांतील या आमणे गांवीं महामार्ग संपतो, आणि जिला पाहून नवखा मनुष्य गांगरतो ती मुंबई तेथून पुढें सुरू होते. पुढची गर्दी, चुकलेलीं वळणें, आणि शेवटीं मोटार उभी करावयास जागा शोधणें हें सर्व शिल्लकच असतें. मुंबईंत परक्याची मोटार म्हणजे सांभाळावें लागणारें एक लेंकरूंच. आजारी माणूस आंत तपासणीच्या रांगेंत आणि बरोबरचा एक मनुष्य बाहेर मोटारीपाशीं, असा प्रकार आम्हीं डोळ्यांनीं पाहिला आहे. विमानाचें म्हणाल, तर बेलोऱ्याचा आपला विमानतळही १६ एप्रिल २०२५ रोजीं सुरू झाला. परंतु दर्यापूरच्या त्या शेतकऱ्यास त्याचा काय उपयोग!

तारीख मात्र मौजेची साधली आहे. १८५३ सालच्या त्याच १६ एप्रिलला बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी गेली, आणि चौदा वर्षांनीं, १८६७ सालीं, तो लोहमार्ग भुसावळ, अकोला, बडनेरा करीत नागपुरास पोंचला. तो आमच्यावरील प्रेमामुळें घातला गेला नाहीं. लँकेशायरच्या गिरण्यांस कापूस हवा होता आणि तो आमच्या काळ्या मातींत पिकत होता. मुंबईच्या हार्बर मार्गावर आजही कॉटन ग्रीन नांवाचें स्टेशन आहे. तें नांव ज्या कापसाच्या बाजारावरून पडलें त्यांत वऱ्हाडच्या गांठी वर्षानुवर्षें उतरल्या. आमच्या कापसास मुंबईची वाट दीडशें वर्षांपूर्वींच पाठ झाली होती. आमची माणसेंच अजून विचारीत बसलीं आहेत. याच मार्गानें नाशिकाहून राजनांदगांवास जात असतां रेव्हरंड नारायण वामन टिळक यांस एका गोऱ्या सहप्रवाशानें नव्या कराराची प्रत दिली, आणि पुढें १८९५ सालीं मुंबईसच त्यांचा बाप्तिस्मा झाला. भाड्याच्या मोटारींत असे सहप्रवासी भेटत नाहींत.

मुंबई अफाट आहे, परंतु अस्ताव्यस्त नाहीं, ही गोष्ट नवख्यास कोणी सांगत नाहीं. आपलीं अमरावती-अकोल्यासारखीं शहरें चोहोंकडे पसरतात. मुंबईस समुद्रानें आणि खाड्यांनीं बाजूंनीं आवळून धरिलें, म्हणून ती उत्तरेकडे लांबत गेली व आगगाडीच्या रुळांस धरून लांबत गेली. हे रूळ म्हणजे तीन दोरे समजावे. पश्चिम मार्ग चर्चगेटाहून निघून बांद्रा, अंधेरी, बोरीवली करीत साठ किलोमीटरांवरील विरारास व त्याच्याही पुढें जातो. मध्य मार्ग छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनसाहून दादर, कुर्ला, ठाणें यांवरून कल्याणास जातो व तेथें कसारा आणि कर्जत असे दोन फांटे फुटतात. हार्बर मार्ग त्याच टर्मिनसाहून निघून कुर्ल्यावरून वाशी, पनवेल गांठतो. पहिले दोन दोरे दादरला एकमेकांस भेटतात, दुसरा व तिसरा कुर्ल्यास. आरे ते कफ परेड ही जमिनीखालची मेट्रो ऑक्टोबर २०२५ पासून पुरी चालूं लागली, तो आणखी एक दोरा. आपलें ठिकाण कोणत्या दोऱ्यावर, कोणत्या स्टेशनापाशीं, आणि त्या स्टेशनाच्या पूर्वेस कीं पश्चिमेस, एवढें ज्यानें घरीं बसून कागदावर लिहिलें त्यास अर्धी मुंबई कळली असें आम्ही समजतों. पूर्व-पश्चिमेची गोष्ट क्षुल्लक वाटते. पण चुकीच्या अंगास उतरलेला मनुष्य सामानासह पुन्हां पूल चढतो तेव्हां त्यास तिची किंमत कळते.

नांवांचा घोटाळा याहून वाईट. त्याची फी आम्हीं स्वतः भरली आहे. वीसेक वर्षांपूर्वीं भायखळ्याच्या एका शाळेंत शिक्षकाच्या जागेसाठीं आम्हांस मुलाखतीस बोलाविलें होतें. दादरला उतरलों. कोणीतरी सांगितलें, "भायखळा सेंट्रलवर आहे." त्याचें म्हणणें अक्षरशः खरें होतें, भायखळा मध्य मार्गावरच आहे. आम्ही मात्र पश्चिम मार्गाच्या गाडींत बसून मुंबई सेंट्रल या स्टेशनावर उतरलों. तेथून भायखळ्याचें अंतर फार नाहीं, पण विचारीत विचारीत, कोट घामानें भिजवीत जाईपर्यंत मुलाखती आटोपल्या होत्या आणि शिपाई खुर्च्या उचलीत होता. पदवीचें प्रमाणपत्र गुंडाळून आम्ही रात्रीच्या गाडीनें परत आलों. दोष सांगणाऱ्याचा नव्हता, शाळेचाही नव्हता. नकाशा आधीं पाहण्यास लागणारीं दहा मिनिटें आम्हीं खर्च केलीं नव्हतीं. ती जागा मिळाली असती तर आज हा लेख दुसऱ्या कोणत्या शाळेच्या वार्षिकांत आला असता, हें वाचकांनींच ठरवावें!

तसेंच कुर्ल्याचें लोकमान्य टिळक टर्मिनस आणि कुर्ला स्टेशन हीं एक नव्हेत. वडीलधारीं माणसें अजून व्ही. टी. म्हणतात, तेंच १९९६ पासून छत्रपति शिवाजी टर्मिनस झालें व २०१७ मध्यें त्यांत 'महाराज' हें पद आलें. एल्फिन्स्टन रोड हें नांव २०१८ मध्यें जाऊन प्रभादेवी झालें. दादरला मध्य मार्गाच्या फलाटांचे आंकडे डिसेंबर २०२३ मध्यें बदलले. ते आतां आठपासून सुरू होतात. म्हणून मामांनीं दहा वर्षांपूर्वीं काढून दिलेला नकाशा आदरानें जपावा, परंतु त्यावर विसंबूं नये.

गाडींत चढण्याविषयीं मुलांस पुष्कळ कुतूहल असतें, आणि आयांस भय. भय अगदींच खोटें नाहीं. सकाळीं लोंढा दक्षिणेकडे, सायंकाळीं उत्तरेकडे, हा मुंबईचा भरती-ओहोटीचा नियम आहे. पाहुण्यानें शक्य तर त्याच्या उलट, नाहीं तर दुपारीं प्रवास करावा. जलद गाडी परळासारख्या स्टेशनांवर सहसा थांबत नाहीं. नवख्यानें धीमीच धरावी. गाडी अर्धें मिनिट थांबते न थांबते, तेव्हां सामान एका हातांत मावेल इतकेंच असावें. लोणच्याच्या बरण्या आणि कापसाची गादी घेऊन लोकल गाडींत शिरूं पाहणारे आमचे वऱ्हाडी बांधव पाहिले म्हणजे आम्हांस हंसूंही येतें व कींवही. आणि पुलावर धांवूं नये. २९ सप्टेंबर २०१७ रोजीं एल्फिन्स्टन रोडच्या पादचारी पुलावर पावसांत चेंगराचेंगरी होऊन तेवीस माणसें गेलीं. त्यांत रोजच्या वहिवाटीचीं माणसेंही होतीं.

आतां मुख्य गोष्ट. परळास जाणारा वऱ्हाडी मनुष्य सहलीस जात नसतो. टाटा रुग्णालय १९४१ सालीं उघडलें तेव्हांपासून किती घरांतून असा प्रवास झाला असेल, त्याची गणना करवत नाहीं. अशा प्रवासास निघणाऱ्यांस तीन गोष्टी आधीं ठाऊक असाव्या, आणि नेमक्या त्याच कोणी सांगत नाहीं. उपचारासाठीं जाणाऱ्या कर्करोग्यास व त्याच्या सोबत्यास रेल्वेभाड्यांत मोठी सवलत आहे. त्यासाठीं ठराविक नमुन्याचा डॉक्टरांचा दाखला लागतो, तो निघण्यापूर्वीं मागून घ्यावा. मुंबईच्या लोकल गाड्यांत अपंगांसाठीं जो वेगळा डबा असतो, त्यांत कर्करोग्यांसही बसण्याची मुभा आहे. तिसरी गोष्ट दादरच्या धर्मशाळेची. आपल्या शेंडगांवीं जन्मलेले गाडगे महाराज खराटा हातीं घेऊन गांवोगांव पायीं हिंडले व १९५६ सालीं वलगांवाजवळ त्यांनीं देह ठेविला. त्यांच्या नांवानें दादर पूर्वेस चालणाऱ्या धर्मशाळेंत टाटाच्या रुग्णांस व नातलगांस आसरा मिळतो. आपल्याच जिल्ह्याच्या सत्पुरुषाचें दार तेथें उघडें असतां आपलीं माणसें फलाटावर रात्र काढतात, हें पाहून आम्हांस मनापासून वाईट वाटतें. धर्मशाळेंत जागा आहे कीं नाहीं याची चौकशी मात्र निघण्याआधीं करावी.

मोटारीवांचून जावें असें आम्ही म्हणतों, त्याचा अर्थ टॅक्सीस शिवूं नये असा नव्हे. अशक्त रोग्यास सकाळीं नवाच्या गर्दींत लोकल गाडींत कोंबणें हा निव्वळ हट्ट होईल. दादरला उतरून मीटरप्रमाणें चालणारी काळीपिवळी टॅक्सी करावी. अंतर थोडें आहे. रिक्षा मात्र शोधीत बसूं नये. शीव व वांद्रें यांच्या दक्षिणेस रिक्षांस मज्जाव आहे, आणि अकोल्याचा मनुष्य हातीं पिशवी धरून तिचीच वाट पाहत उभा असतो! बेस्टच्या बसगाड्या १५ जुलै १९२६ पासून धांवत आहेत. पहिली अफगाण चर्चपासून क्रॉफर्ड मार्केटपर्यंत गेली. ज्यास घाई नाहीं त्यानें बसच्या खिडकीशीं बसावें. शहर तिच्यांतून दिसतें, आगगाडींतून त्याची पाठच दिसते.

ज्या विद्यार्थ्यांस केवळ पाहण्यासाठीं जावयाचें आहे त्यांस एवढेंच सांगतों, कीं टर्मिनसापासून सेंट थॉमस कॅथीड्रल व तेथून राजाबाई टॉवर हें सर्व पायीं होतें. १७१८ सालीं उघडलेल्या त्या देवळाकडे जाणाऱ्या कोटाच्या दरवाजावरून चर्चगेट हें नांव पडलें, हें तेथें उभें राहून आठवावें.

आमच्या एका सहकाऱ्यांचें म्हणणें असें, कीं हें सर्व आतां हातांतील फोन सांगतो, शाळेनें शिकविण्याचें कारण काय? फोन सांगतो हें आम्हांस मान्य आहे. एम-इंडिकेटर आमच्याही फोनवर आहे. परंतु ज्यास दोरे ठाऊक नाहींत त्यास फोनाला काय विचारावें हेंच समजत नाहीं, आणि रात्रभराच्या प्रवासानंतर पहाटे दादरला फोन विझलेला असतो. आमची सूचना अशी आहे कीं नववीच्या भूगोलाच्या दोन तासिका वेळापत्रक वाचण्यास व मुंबईच्या रुळांचा नकाशा हातानें काढण्यास द्याव्या. त्यासाठीं पाठ्यपुस्तक बदलावें लागत नाहीं, कोणाची परवानगी लागत नाहीं, खर्च दोन कागदांचा आहे.

त्या शेतकऱ्याच्या मुलाकडून त्या सायंकाळीं आम्हीं हेंच करविलें. त्यानें वहीच्या जोडपानावर तीन रेघा ओढल्या, दादर व कुर्ला येथें गांठी मारल्या, परळापाशीं फुली केली, "दादर पूर्व, धर्मशाळा" असें मोठ्या अक्षरांत लिहिलें आणि रुग्णालयाचा पत्ता खालीं उतरून घेतला. अमरावतीहून सायंकाळीं सुटणाऱ्या गाडीनें तीं दोघें गेलीं. त्यानंतर तीनदां जाऊन आलीं. उपचार चालू आहे. दुसऱ्या खेपेनंतर त्यांच्या गांवांतील आणखी एका घरास तसेंच जावें लागलें आणि त्यांनीं तो कागद मागून नेला. आतां तो घडीवर फाटला आहे, दादरची गांठ पुसट झाली आहे, व नवीन प्रत काढून पाठवावी असा निरोप मागल्या सोमवारीं मुलाच्या हातीं आला आहे.