अठ्ठाविसाव्या दिवसाचं रक्त

पावसाळा सरत आला की सातपुड्याच्या पायथ्याला, चोपडा, यावल, रावेर आणि पलीकडे शिरपूर तालुक्यातल्या पाड्यांवर हिवतापाची धास्ती सुरू होते. आशाताई बोटाला सुई टोचते, रॅपिड किटवर थेंब टाकते, काचपट्टी करते. पीएफ, म्हणजे फाल्सिपेरम जातीचा परजीवी, निघाला तर वयानुसार रंग ठरलेलं गोळ्यांचं पाकीट मिळतं. मोठ्या माणसाला पांढरं, पाच ते आठ वर्षांच्या लेकराला हिरवं. तीन दिवसांत गोळ्या संपतात, ताप उतरतो आणि घरच्यांच्या लेखी दुखणं संपतं. परजीवीच्या लेखी ते संपलंच, असं मात्र नाही.

क्लोरोक्विनचं काय झालं ते आठवावं. हिवतापाचा परजीवी लाल पेशीतलं हिमोग्लोबिन खातो. त्यातून उरणारं हीम त्याला विषारी, म्हणून तो त्याचे स्फटिक करून ठेवतो. क्लोरोक्विन नेमकं तिथं आडवं येई. पुढे फाल्सिपेरमच्या एका जनुकात बदल झाला आणि तो हे औषध आपल्या पोटातून बाहेर फेकू लागला. भारतात ही गोष्ट प्रथम 1973 मध्ये आसामच्या कार्बी आंगलाँगमध्ये नोंदली गेली. फाल्सिपेरमसाठी देशभर आर्टेसुनेट आणि सल्फाडॉक्सिन-पायरीमेथामिन ही जोडी आली ती 2010 मध्ये. मधल्या सदतीस वर्षांत निकामी होत चाललेली गोळी खाऊन किती रुग्ण तापत राहिले असतील, याचा विचार मला अस्वस्थ करतो. नव्या जोडीतलं दुसरं औषधही ईशान्येत लंगडं पडलं आणि 2013 मध्ये तिथलं धोरण पुन्हा बदलावं लागलं. हा बदल लवकर झाला, कारण रुग्णांचा पाठपुरावा करून औषध तपासलं जात होतं.

ही तपासणी तीन अंगांनी होते. पहिली रुग्णावरच: औषध दिल्यावर 28 दिवस, काही औषधांसाठी 42 दिवस, ठरल्या दिवशी रक्त पाहायचं. दुसरी प्रयोगशाळेत, जिवंत परजीवीवर. आर्टेमिसिनिनसाठी (आर्टेसुनेट याच कुळातलं) तीन तासांच्या आतला कोवळा, अंगठीच्या आकाराचा परजीवी घेतात, सहा तास औषधात ठेवतात, मग औषध धुऊन काढतात आणि तिसऱ्या दिवशी किती जगले ते मोजतात. औषध न दिलेल्यांच्या तुलनेत शंभरात एक जरी जगला, तरी तो प्रतिकाराचा इशारा मानतात. तिसरी तपासणी जनुकांची. 2014 मध्ये कंबोडियातल्या परजीवींवरून केल्च-13 या जनुकातले बदल ही आर्टेमिसिनिनच्या प्रतिकाराची खूण असल्याचं सापडलं. पुढे रवांडा आणि युगांडातही असे बदल आढळले, आणि ते आग्नेय आशियातून आलेले नव्हते, तिथल्याच परजीवींत उपजलेले होते. म्हणून सीमेवर पहारा ठेवून भागत नाही. प्रतिकार कुठेही, आपल्या पाड्यावरही, जन्मू शकतो.

जिवंत परजीवी वाढवण्याचं काम जिल्ह्यात व्हावं, असा माझा आग्रह नाही. ते दिल्लीच्या राष्ट्रीय मलेरिया संशोधन संस्थेसारख्या ठिकाणीच शोभतं. पण पहिलं आणि तिसरं काम खानदेशातच सुरू व्हायला हवं. औषधाच्या रीतसर चाचणीला एका केंद्रावर किमान पन्नासेक रुग्ण लागतात. रुग्ण कमी असलेल्या जिल्ह्यांत ते जमत नाही, आणि मग तो जिल्हा नजरेतूनच सुटतो. यावर जागतिक आरोग्य संघटनेनं सुचवलेला मार्ग सरळ आहे: रुग्ण थोडे असतील तर प्रत्येकाचाच पाठपुरावा करा.

त्यासाठी लागतं काय? गोळी देण्याआधी रक्ताचे दोन-तीन थेंब गाळणकागदावर घ्यायचे, सावलीत वाळवायचे, ओल शोषणाऱ्या पुडीसह प्लास्टिकच्या पिशवीत ठेवायचे. शीतपेटीची गरज नाही. अठ्ठाविसाव्या दिवशी पुन्हा परजीवी दिसला, तर तो जुनाच उरलेला की नव्या डासानं दिलेला, हे दोन्ही वेळचे जनुकीय ठसे जुळवूनच कळतं. पहिल्या दिवसाचा कागद नसेल, तर औषध हरलं की डास जिंकला, हे कोणीच सांगू शकणार नाही. (व्हायवॅक्स या दुसऱ्या जातीच्या परजीवीचं वेगळं, तो यकृतात दडून महिन्यांनी उलटतो, म्हणून तिथं चौदा दिवसांची प्रायमाक्विन पूर्ण करून घेणं आधी.)

हे ठसे पाहायला लागणारी यंत्रं आपल्याकडे आहेत. कोविडच्या काळात धुळ्याच्या हिरे वैद्यकीय महाविद्यालयात आणि जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात पीसीआर तपासणी उभी राहिली, माणसं शिकली. दोन्ही जिल्ह्यांच्या हिवताप कार्यालयांनी या महाविद्यालयांशी आणि बहिणाबाई विद्यापीठातल्या जीवशास्त्राच्या शिक्षकांशी बसून कागद कुठे जमा होणार, ठसे कोण पाहणार, संशयास्पद नमुना दिल्लीला कोण धाडणार, हे याच हंगामात ठरवावं.

अवघड आहे ते माणूस गाठणं. सप्टेंबरच्या शेवटी तापलेल्या पावरा मजुराचा अठ्ठाविसावा दिवस ऑक्टोबर संपता संपता येतो, आणि तोवर काम शोधत घरं गुजरातकडे निघू लागलेली असतात. आशाताईला रक्तनमुन्याचा आणि उपचार पूर्ण करून घेण्याचा मोबदला मिळतो. या शेवटच्या भेटीचाही मिळाला पाहिजे. आणि तो मजूर सुरतेत असेल, तर त्याची तारीख सुरतेच्या हिवताप विभागाला जळगावहून फोन करून कळवली गेली पाहिजे.