चौकटीचे खुराडे

"अरे, देवघराच्या चौकटीचे खुराडे करतोस? आजोबांना काय वाटले असते?" थोरले काका वडिलांना असे म्हणाले, तेव्हा मी करवत धरून शेजारीच उभा होतो. वडील काही बोलले नाहीत. मीही नाही. तेव्हा राहून गेलेले उत्तर आज या पानावर देत आहे.

आमचे घर खानापूर तालुक्यातले. २०१९ च्या ऑगस्टमधील अतिवृष्टीत बेळगाव जिल्ह्यातील कितीतरी मातीची घरे बसली, त्यांत आमचा मागचा सोपाही बसला. भिंतींचा चिखल झाला, लाकूड मात्र शाबूत. खांब, तुळया, वासे, चौकटी यांचा ढीग अंगणात पडला आणि जळणाच्या भावाने तो उचलणारा माणूस दुसऱ्याच दिवशी दारात हजर! काकांनी आपला वाटा देऊन टाकला. तो वीटभट्टीत गेला. आईने आमचा ठेवून घेतला. तिच्या आठ गावठी कोंबड्या त्या सोप्यातच असत आणि अंड्यांच्या पैशांतून माझा बसचा पास निघे.

पहिले खुराडे आम्ही घाईत केले. फुकटचे लाकूड, त्याला कसला विचार, असा आमचा हिशेब. चार वासे जमिनीत हातभर पुरले, फळ्या ठोकल्या, वर पत्रा टाकला. दोन पावसाळे निघाले. २०२१ च्या श्रावणात एके रात्री मागचा वासा मोडून फळी कलली आणि त्या फटीतून रानमांजर आत शिरले. पाच कोंबड्या गेल्या. आई ओरडली नाही, रडली नाही. सकाळी बसून पिसे गोळा करीत राहिली. मला तेच जास्त लागले.

मोडलेला वासा उपसून पाहिला, तर खाली मातीत पुरलेला भाग बराच टणक, वरचाही टणक. कुजला होता तो जमिनीलगतचा वीतभर तुकडा. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला ओल लागते तशी हवाही लागते, आणि दोन्ही मुबलक मिळतात त्या नेमक्या तेथेच. गावातले म्हातारे बडगी मामा हे ऐकून हसले. मला पडक्या सोप्यात नेऊन त्यांनी खांबाखालचा तळखडा दाखवला. तो दगड मी जन्मापासून पाहत होतो. तो तेथे का आहे हे मात्र कधी विचारले नव्हते. खांब इतकी वर्षे टिकला तो केवळ सागवान म्हणून नव्हे. त्याचा पाय मातीला लागला नाही आणि लांब वळचणीमुळे पागोळ्या त्याच्या अंगावर आल्या नाहीत, म्हणून टिकला. जुने लाकूड उचलणारे पुष्कळ आहेत. त्याबरोबरची ही अक्कल मात्र ढिगाऱ्यातच राहते, अशी माझी तक्रार आहे.

दुसरे खुराडे चार दगडांवर, जमिनीपासून दोन फूट उंच उभे केले. वर जुनीच मंगळुरी कौले, चहूबाजूंनी दीड फूट पुढे काढलेली. सांगाडा चौकटींच्या गाभ्याचा.  त्याभोवतीचे पांढरे लाकूड सागाचे असले तरी वाळवीला गोडच लागते, म्हणून ते तासून टाकले. खिळ्यांऐवजी जस्ताचा मुलामा दिलेले स्क्रू. हवेसाठी छपरालगत मोकळी पट्टी ठेवून तिला अर्ध्या इंचाची वेल्डमेश जाळी लावली. षट्कोनी जाळी कोंबडीला आत ठेवते, रानमांजराला बाहेर ठेवीत नाही.

जुने ते सारे सोने, असे मात्र मी म्हणणार नाही. जुन्या तैलरंगात शिसे असते. कोंबडी तो रंग टोचून खाते आणि शिसे अंड्यात उतरते. घरगुती रंगातील शिशावर आपल्याकडे कडक मर्यादा आली ती २०१७ च्या नोव्हेंबरपासून. रेल्वेचे जुने स्लीपर क्रिओसोट पाजलेले असतात. ते या कामी नकोतच. जळके ऑइल फासण्याची आपल्याकडे फार हौस, तेही नको. बाहेरून काजूच्या टरफलाचे तेल द्यावे, पण हातमोजे घालून. कातडी सोलून काढते. जुन्या लाकडाचा खरा दोष म्हणजे त्याच्या भेगा. त्यांत गोचीड दिवसा दडून बसते आणि रात्री बाहेर येऊन कोंबड्यांचे रक्त पिते. आम्ही भेगा बुजवून दर दोन महिन्यांनी आतून चुना देतो. कंटाळवाणे काम आहे, खोटे कशाला सांगू?

राहिले आजोबा. त्यांना मी फारसे पाहिले नाही. पण तो तळखडा त्यांनीच बसवून घेतला होता, तेव्हा माणूस लाकडाची कदर करणारा असावा. उंबरठा मात्र आईने खुराड्याला लावू दिला नाही. तिचे ते बरोबर की चूक, मला ठरवता आलेले नाही. तो आता मागच्या दाराला बसवला आहे आणि संध्याकाळी कोंबड्या आत गेल्या की आई त्याच्यावरच बसून त्या मोजते.