देखावा आणि दर्शन

गणेशोत्सव जवळ आला म्हणजे अनेक घरांतून एक जुना वाद नव्याने रंगू लागतो. वडीलधारी मंडळी म्हणतात, पूर्वीचा उत्सव आता उरला नाही, सारा देखावा झाला आहे. तरुण मंडळी म्हणतात, आजी-आजोबांना नवे म्हणून काही रुचतच नाही. दोन्ही पक्ष एकाच मंडपात जाऊन आलेले असतात, एकाच मूर्तीपुढे उभे राहिलेले असतात, आणि तरीही प्रत्येकाने पाहून आणलेले मात्र निराळे असते. यांत कोणाची भक्ती अधिक खरी, हा प्रश्न आम्हांस फारसा महत्त्वाचा वाटत नाही. एखादी गोष्ट आपल्यापुढे कशी मांडली जाते आणि आपण ती कोठे उभे राहून पाहतो, यावर आपला आदर वा तिटकारा किती अवलंबून असतो, याचा विचार सणाच्या निमित्ताने व्हावा, एवढाच आमचा हेतू आहे.

मौज अशी की, ‘देखावा’ आणि ‘दर्शन’ हे दोन्ही शब्द पाहण्यातूनच निघाले आहेत. एकात किंचित तुच्छता आहे, दुसऱ्यात पावित्र्य आहे. शिवाय आपल्या पूर्वजांनी तत्त्वचिंतनाच्या सहा प्रणालींनाही ‘दर्शने’ असेच म्हटले. सत्य एक असले तरी त्याकडे पाहण्याच्या रीती अनेक, हे त्यांना ठाऊक होते. आपल्याला मात्र मंडपाच्या दाराशी त्याचा सोयीस्कर विसर पडतो.

प्रथम आपल्या देवघराकडेच पाहू. कमळावर उभी असलेली लक्ष्मी आणि वीणा घेतलेली सरस्वती यांची तसबीर ज्या घरात नाही असे घर विरळा. ही प्रतिमा आपल्याला इतकी परिचित आहे की ती युगानुयुगे अशीच चालत आली असावी, असे वाटते. वस्तुतः देवीचे हे रूप सव्वाशे-दीडशे वर्षांपलीकडचे नाही. केरळातील किळिमानूर येथे १८४८ साली जन्मलेले चित्रकार राजा रविवर्मा यांनी पाश्चात्त्य तैलचित्रणाची छायाप्रकाशाची रीत उचलली, आपल्या देवदेवतांना हाडामांसाचे चेहरे आणि नित्याची लुगडी दिली, आणि १८९४ साली मुंबईत गिरगावात शिळाछापखाना काढून ती चित्रे घरोघर पोहोचविली. पुढे हा छापखाना लोणावळ्याजवळ मळवली येथे गेला. त्यापूर्वी सामान्य माणसाच्या घरात देव म्हणजे टाक, शाळिग्राम, बाण, एखादी लहानशी पितळी मूर्ती. मंदिराचा उंबरठा ज्यांना ओलांडता येत नव्हता, अशांच्याही भिंतीवर या छापील चित्रांमुळे देव आला. ही गोष्ट लहान नव्हे.

त्या काळी सर्वांनीच तिचे स्वागत केले असे मात्र नाही. आनंद कुमारस्वामी यांच्यासारख्या मर्मज्ञाने रविवर्म्यांचे देव नाटकी आहेत, असाच आक्षेप घेतला होता. म्हणजे आज ज्या तसबिरीला आपण हळदकुंकू वाहतो, तीही एकेकाळी जाणत्यांच्या दृष्टीने देखावाच होती! पुढे याच धर्तीची देवादिकांची चित्रे काड्यापेट्यांवर आली, दिनदर्शिकांवर आली, साबणाच्या जाहिरातींवरही आली. काड्यापेटी रिकामी झाली की आपण टाकून देतो. तेच चित्र लाकडी चौकटीत बसवून भिंतीवर लावले की त्याच्यापुढे उदबत्ती लागते. कागद तसाच, शाई तशीच. त्याचा मान ठरतो तो चौकटीने, जागेने आणि आपण त्याच्यापुढे कसे उभे राहतो त्याने.

या छापखान्याशी संबंध आलेल्या एका गृहस्थाची कथा याहून बोलकी आहे. त्र्यंबकेश्वरी जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके यांनी काही काळ तेथील कामे केली होती. १९१०च्या सुमारास त्यांनी मुंबईत येशू ख्रिस्ताच्या चरित्रावरचा परदेशी चित्रपट पाहिला. पडद्यावर येशू वावरत होता. फाळक्यांच्या डोळ्यांपुढे मात्र राम आणि कृष्ण उभे राहिले, असे त्यांनीच पुढे लिहून ठेवले आहे. त्या तंबूत इतरही शेकडो प्रेक्षक असतील, त्यांनी केवळ एक नवलाईची करमणूक पाहिली असेल. पण एका वैदिक घरातून आलेल्या माणसाला त्याच पडद्यावर आपले दैवत दिसले, आणि त्यातून १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ जन्मास आला. १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता या दोन्ही भूमिका अण्णा साळुंके या एकाच पुरुष नटाने केल्या. हे साळुंके पूर्वी एका खाणावळीत काम करीत. तरीही पडद्यावर राम आला की प्रेक्षकांतून हात जोडले जात. हे हात साळुंक्यांना खचितच जोडले गेले नव्हते.

पुढेही असेच घडत आले. १९३६ साली प्रभातच्या ‘संत तुकाराम’मध्ये विष्णुपंत पागनीस तुकोबा झाले, आणि कित्येकांच्या मनातील तुकोबांना पागनिसांचाच चेहरा मिळाला. १९७५ मध्ये ‘जय संतोषी माँ’ पाहायला येणाऱ्या बायाबापड्या चित्रपटगृहाबाहेर चपला काढून आत जात. १९८७-८८ मध्ये दूरदर्शनवर रविवारी सकाळी ‘रामायण’ सुरू झाले, तेव्हा स्नान करून, दूरचित्रवाणी संचाला हार घालून शेजारीपाजारी एकत्र बसत. २०२० साली टाळेबंदीत हीच मालिका पुन्हा दाखविली गेली. अनेक घरांत ती पूर्वीच्याच भावाने पाहिली गेली, परंतु नव्या पिढीतील काहींनी आकाशात एकमेकांवर आदळणाऱ्या बाणांची थट्टाही केली. मालिकेतील एक दृश्यही बदलले नव्हते. ठरलेली वेळ, शेजाऱ्यांची दाटी आणि एकाच संचापुढची ती मांडी तेवढी गेली होती. थट्टा करणाऱ्यांवर रागावण्यापूर्वी, त्यांच्या वाट्याला ती मांडी आलीच नाही, हे वडील मंडळींनी ध्यानात घ्यावे.

खुद्द सार्वजनिक गणेशोत्सव तरी काय? १८९३ च्या सुमारास लोकमान्य टिळकांच्या प्रेरणेने घरातील गणपती चौकात बसू लागला. मूर्ती तीच, दूर्वा त्याच, आरत्याही त्याच. पण ओटीवरून मंडपात येताच त्याच्याभोवती मेळे आले, व्याख्याने आली, आणि घरात पूजेपुरते जमणारे लोक समाज म्हणून एकत्र आले. त्या नव्या स्वरूपाला नाके मुरडणारे तेव्हाही होतेच. नव्या मांडणीला बिचकण्याची आपली परंपराही उत्सवाइतकीच जुनी आहे!

येथवर वाचून कोणास वाटेल की, आम्ही आजच्या सर्वच प्रकारांची वकिली करीत आहोत. तसे नाही. मांडणी नवी की जुनी, या कसोटीत आम्हांस अर्थ दिसत नाही. त्या मांडणीत पाहणाऱ्याला उभे राहायला कोठे जागा ठेवली आहे, हे मात्र आम्ही अवश्य विचारतो. पंढरपुरात महाद्वारी, नामदेवांच्या पायरीसमोर, चोखोबांची समाधी आहे. त्या महान भक्ताला विठ्ठल पाहावा लागला तो बाहेरूनच. ते अंतर त्यांनी निवडलेले नव्हते, समाजाने लादलेले होते. ती दारे सर्वांना उघडण्यासाठी १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींना प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले. मग आज आपल्या मंडपांतून ‘खास’ माणसांसाठी निराळे दार का असावे? लेकरू कडेवर घेऊन रात्रभर रांगेत तिष्ठलेल्या बाईला मूर्तीपुढे क्षणभरही टेकू न देता पुढे लोटले जाते, आणि त्याच वेळी बाजूच्या दाराने आलेले पाहुणे पाठ मूर्तीकडे करून निवांत छायाचित्र काढून घेतात. हे दोघे एकच उत्सव पाहून घरी गेले, असे आम्हांस म्हणवत नाही. आजच्या उत्सवातील खरे वैगुण्य हे आहे. दिव्यांच्या माळा आणि हलते देखावे यांचा त्यात काही अपराध नाही. शुभेच्छुकांच्या फलकांविषयी काय बोलावे? तेथील चेहरे ओलांडता ओलांडता गणपतीचा चेहरा शोधावा लागतो.

हातातील भ्रमणध्वनीलाही आम्ही सरसकट दोष देणार नाही. परदेशी असलेली लेक त्याच्याच पडद्यावर घरची आरती पाहते, अंथरुणाला खिळलेली आजी त्यावरच काकडआरती ऐकते, तेव्हा तो देवघराची खिडकी होतो. मंडपात मात्र तोच उंच धरला की दोन्ही हात त्यात गुंततात, आणि नमस्काराला हात उरत नाहीत. मुलांना यावर उपदेश करण्यापेक्षा, आधी नमस्कार आणि मग चित्र, एवढा क्रम घरातून लावून द्यावा. मुले तो सहज पाळतात.

आणखी एक सुचवावेसे वाटते. रात्रीचा देखावा मुलांना जरूर दाखवावा, त्यातील पुराणकथा समजावून सांगावी. पण एखाद्या दिवशी त्याच मंडपात त्यांना सकाळी लवकर न्यावे. तेव्हा रोषणाई मालवलेली असते, कर्णे मुके असतात, कोणी कार्यकर्ता जाग्रणाने तांबारलेल्या डोळ्यांनी केर काढीत असतो, गुरुजी कालचे निर्माल्य उतरवून ताजे जास्वंद वाहत असतात. रांगही नसते. मंडळांनीही सायंकाळच्या आरतीपुरते कर्णे बंद ठेवून केवळ टाळ-झांजा वाजवाव्यात आणि तेवढा वेळ बाजूचे दार लावून घ्यावे. याला ना वर्गणी लागते, ना कोणाची परवानगी.